इनटेक मॅनिफोल्डची कूलंट गळती: तिसरी गास्केट, तीच गळती (रोटरी इंजिन)

फिरकी · शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, हात टेकले. गाडी १९८४ ची माझदा आरएक्स-७, इंजिन १२ए, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी, कार्बुरेटरवालं. माझ्याकडे आली तेव्हाच इंजिन एकदा उघडून नव्याने बांधलेलं होतं. गेल्या आठ महिन्यांत इनटेक मॅनिफोल्ड तीनदा उतरवला. तिन्ही वेळा नवी गास्केट (सांध्यातला कागदी थर), नव्या ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या). आणि तिन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत कूलंट कमी व्हायला सुरुवात.

आठवड्याला साधारण पाव लिटर जातं. गाडीखाली एक थेंब सापडत नाही. सकाळी चालू केली की मागून पांढरा धूर, दीड-दोन मिनिटांत विरतो. बॉनेट उघडला की गोडसर वास येतो. तिसऱ्या वेळी वैतागून गास्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं, तरी तेच.

ज्याला विचारावं तो म्हणतो, आतली वॉटर सील (इंजिनातलं पाणी जळण्याच्या जागेत शिरू न देणारं रबर) गेली, इंजिन उघडा. ते ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून इथे लिहितोय.

निव्वळवाचक · शनिवार, रात्री ११:३४

वाचतोय. पण एक बाळबोध प्रश्न. मॅनिफोल्डमधून हवा आणि पेट्रोल जातं ना? मग तिथे कूलंटचं काय काम?

तिकोनी · रविवार, सकाळी ७:५०

@निव्वळवाचक, प्रश्न बाळबोध नाही, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कार्बुरेटरमधून निघालेलं पेट्रोल थंड धातूवर आपटलं की वाफ न होता थेंबांच्या रूपात भिंतीला चिकटून राहतं. म्हणून मॅनिफोल्डच्या पोटातून गरम कूलंट फिरवतात. पिस्टनच्या जुन्या इंजिनांतही हे असायचं.

रोटरीत फरक आहे तो मॅनिफोल्ड ज्यावर बसतो त्या जागेचा. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर हेड हा एकच ओतीव तुकडा असतो आणि त्याची बाजू एका दमात मशीन केलेली असते. १२ए म्हणजे पाच थरांचं सँडविच: पुढचं बिडाचं हाउसिंग, मग पहिल्या रोटरचं अॅल्युमिनियमचं, मधलं बिडाचं, दुसऱ्या रोटरचं अॅल्युमिनियमचं, शेवटी मागचं बिडाचं. हे सगळं लांबलचक बोल्टांनी आरपार आवळलेलं. दोन्ही रोटरचे प्रायमरी पोर्ट (हवा-पेट्रोल आत जायची तोंडं) मधल्या हाउसिंगमध्ये, सेकंडरी पुढच्या आणि मागच्यात. म्हणजे एकच मॅनिफोल्ड तीन वेगवेगळ्या तुकड्यांवर पाय रोवून उभा. इंजिन बांधताना एखादा थर केसभर जरी पुढेमागे बसला तरी मॅनिफोल्डच्या तळाला पायरी लागते. फिरकी, तुमचं इंजिन उघडून बांधलेलं आहे म्हणालात. मी तिथे सरळपट्टी लावून बघितली असती.

ओतारी · रविवार, सकाळी ९:२२

खाली थेंब का नाही त्याचं कारण साधं आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, इनटेक वर आणि एक्झॉस्ट बरोबर त्याखाली. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टनवाल्यांपेक्षा जास्त तापतो. वरून पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच उडून जातो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पाठीवर टॉर्च मारा. पांढरट किंवा हिरवट ओघळाचा डाग असेल तर बाहेरचा पाझर नक्की.

आणि वास घ्या, चव नको. मागच्या पिढीतले मिस्त्री बोट लावून जिभेवर टेकवायचे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, पण विष आहे. कुत्र्या-मांजरांच्या वाटेत सांडलेलं ठेवू नका.

स्लो_स्पॅनर · रविवार, दुपारी १:०५

इंजिन उघडा म्हणणाऱ्यांना दोन दिवस थांबवा.

वॉटर सील गेली की जळण्याच्या जागेचा दाब पाण्याच्या वाटेत शिरतो. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, होज थोड्या वेळात दगडासारखे कडक होतात, कूलंटची बाटली उतू जाते. इनटेकच्या ओ-रिंगेतून गळत असेल तर लक्षणं जवळजवळ तीच: कूलंट पोर्टात, तिथून आत, सकाळी पांढरा धूर. पण इनटेक पोर्टाला जळण्याचा दाब कधी दिसतच नाही. म्हणजे कूलंटमध्ये धूर मिसळायचं कारण नाही. तेव्हा रेडिएटरच्या तोंडावर लावायचं ते निळ्या द्रावणाचं टेस्टर आणा. रेडिएटरमधली हवा त्यातून खेचली आणि द्रावण पिवळं पडलं तर इंजिनाची तयारी करा. निळंच राहिलं तर आशा आहे.

फिरकी · सोमवार, रात्री ९:४०

ओतारींचा डाग सापडला! एक्झॉस्टच्या पाठीवर मधल्या हाउसिंगच्या खाली, नखाने खरवडला तर पांढरी पूड निघाली. टेस्टर दोनदा लावलं, एकदा गार आणि एकदा पंखा सुरू होईपर्यंत गरम करून. दोन्ही वेळा निळंच.

म्हणजे वॉटर सील सुटली ना आरोपातून?

तिकोनी · सोमवार, रात्री १०:१५

जामिनावर सुटली म्हणा. सील नुकतीच मऊ पडायला लागलेली असते तेव्हा चालू इंजिनात ती धरते, आणि बंद केल्यावर गार होता होता थोडं पाणी आत सोडते. अशा वेळी द्रावण निळंच राहतं. मी यात एकदा फसलोय. मॅनिफोल्डवर खापर फोडलं आणि दोन महिन्यांनी इंजिन उघडावंच लागलं.

स्लो_स्पॅनर · सोमवार, रात्री १०:५८

मान्य. मग पक्कं करायची रीत सांगतो. यात अंदाजाला जागाच राहत नाही.

मॅनिफोल्ड उतरवा. मधल्या हाउसिंगवर पाण्याच्या वाटेचं उघडं तोंड दिसेल. त्यावर जाड रबरी शीटचा तुकडा, त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी, आणि मॅनिफोल्डच्याच स्टडवर नट लावून ती दाबून बसवा. मॅनिफोल्डकडे जाणारे होज काढून त्यांची तोंडंही बंद करा. कूलंट भरा, रेडिएटरला दाबाचा पंप लावा आणि टोपीवर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्या. जास्त नको, उगाच रेडिएटर फोडाल. खालचे दोन्ही प्लग, म्हणजे लीडिंग, काढून ठेवा. अर्धा तास बसा. क्रँक हाताने थोडा थोडा फिरवा आणि प्लगच्या भोकात कागदाची सुरळी घालून बघा.

दाब टिकला आणि कागद कोरडा निघाला की गुन्हेगार मॅनिफोल्ड आणि त्याचा सांधा एवढ्यातच कोंडला गेला. रात्रभर दाबाखाली ठेवता आलं तर आणखी चांगलं, कारण तिकोनी म्हणतात तसली सील गारच असताना गळते.

मृण्मयी · मंगळवार, सकाळी ८:३०

माझा रोजचा धंदा सील आणि रबराचा आहे, इंजिनांचा नाही. म्हणून एकच विचारते. तुम्ही आत्तापर्यंत काढलेल्या ओ-रिंगा फेकल्यात की ठेवल्यात? असतील तर कशा दिसतात?

फिरकी · मंगळवार, रात्री ८:१२

शेवटच्या वेळच्या डब्यात आहेत. अगदी नव्यासारख्या, गोल गरगरीत. म्हणूनच मला वाटलं की रिंगांचा दोष नसणार, गास्केटच भिकार असेल.

मृण्मयी · मंगळवार, रात्री ८:४५

हाच तर पुरावा आहे, फिरकी!

काही महिने गरम होऊन गार झालेली ओ-रिंग गोल राहूच शकत नाही. काम केलेल्या रिंगेला वर-खाली दोन चपट्या कडा येतात, बोटांत धरून फिरवली की जाणवतात. तुमची रिंग गोल आहे याचा अर्थ तिला कोणी दाबलंच नाही. ती आपल्या खळग्यात निवांत बसून होती आणि पाणी अडवायचं काम एकटी गास्केट करत होती. कागदी गास्केट ते थोडे दिवस करते, मग भिजते.

अशा पृष्ठभागावरच्या सांध्यात ओ-रिंगेचा काप साधारण १५ ते ३० टक्के दाबला गेला पाहिजे. आता हिशोब बघा. रिंगेला मिळणारी जागा म्हणजे खळग्याची खोली अधिक आवळलेल्या गास्केटची जाडी. दोन्ही मोजलंय का कधी? बाजारातली गास्केट मूळच्या गास्केटपेक्षा जाड निघाली की रिंग कितीही महागाची घ्या, तिच्या डोक्यावरचं छप्परच उंच झालेलं असतं.

ओतारी · मंगळवार, रात्री ९:०३

वा! आठ महिने सगळे गास्केटचा ब्रँड विचारत बसले असते.

निव्वळवाचक · मंगळवार, रात्री ९:२०

गाडी नाही, रोटरी नाही, तरी रात्री नऊ वाजता ओ-रिंगेच्या चपट्या कडांविषयी वाचतोय. वाचनखूण साठवली.

फिरकी · रविवार, सायंकाळी ६:३०

शनिवार-रविवार यातच गेले.

आधी स्लो_स्पॅनर यांची पट्टीची परीक्षा. दाब ०.९ किलो दिला. अर्ध्या तासात काटा हलला नाही. तसंच झाकून झोपलो. सकाळी काटा किंचित खाली होता, पण रात्री गारठाही होता. दोन्ही लीडिंग प्लगच्या भोकांतून कागद कोरडा निघाला. वॉटर सील निर्दोष, असं मी धरून चाललोय.

मग मृण्मयी यांचं मोजमाप. खळगा मॅनिफोल्डच्या बाजूला आहे, खोली २.० मिमी. रिंगेची जाडी ३.५ मिमी. आणि गास्केट, उतरवलेली, म्हणजे आवळून चेपलेली, १.३ मिमी! म्हणजे रिंगेला जागा ३.३, रिंग ३.५. दाब फक्त ०.२ मिमी, जेमतेम ६ टक्के.

खात्रीसाठी एक पोरखेळ केला. मुलीच्या प्लॅस्टिसिनच्या गोळ्या रिंगेऐवजी खळग्यात ठेवल्या, वर प्लॅस्टिकच्या पिशवीचा पातळ तुकडा, आणि मॅनिफोल्ड गास्केटसकट पूर्ण आवळून परत उतरवला. गोळ्या ब्लेडने कापून मोजल्या. पुढच्या बाजूला ३.२५, मागच्या बाजूला ३.४५. म्हणजे एका टोकाला रिंग जवळपास नुसती टेकलेली. मुलगी विचारते, माझ्या हिरव्या मातीला ग्रीस का लागलं.

मृण्मयी · रविवार, सायंकाळी ७:०५

प्लॅस्टिसिनला माझे पैकीच्या पैकी मार्क. पुढचं-मागचं ०.२ मिमीने वेगळं येतंय, म्हणजे मॅनिफोल्ड तरी वाकलाय नाहीतर तिकोनींची पायरी आहे. आधी ते शोधा, मग गास्केट.

इंजिनवेडा९ · रविवार, रात्री ८:४०

एवढी डोकेफोड कशाला? अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बिडाच्या इंजिनावर बसवलाय, दर वेळी तापला की घासत सरकणार आणि गास्केट चिरडणार. हा सांधा टिकूच शकत नाही. पाण्याची भोकं टॅप करून स्क्रू प्लग ठोका आणि विसरा.

तिकोनी · रविवार, रात्री ९:३०

प्रसरणाचं म्हणणं ऐकायला पटतं, आकडे मांडले की उरत नाही. दोन टोकांचे पोर्ट साधारण २०० मिमी अंतरावर धरू, तापमानाची वाढ ८० अंश. मॅनिफोल्ड वाढेल ०.३७ मिमी. पण खालचं इंजिन नुसतं बिडाचं थोडंच आहे? १२एचं प्रत्येक रोटर हाउसिंग ७० मिमी रुंद, म्हणजे त्या २०० पैकी १४० मिमी अॅल्युमिनियमच. ते वाढेल ०.२६, उरलेलं ६० मिमी बीड ०.०५. एकूण ०.३१. फरक ०.०६ मिमी, तोही टोकांना. पाण्याची वाट मधोमध आहे, तिथे तर जवळजवळ काहीच सरकत नाही.

सांधा टिकत नाही म्हणावं, तर मूळ गास्केटवर वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या गाड्या मी स्वतः उघडल्यात.

इंजिनवेडा९ · रविवार, रात्री ९:५२

ठीक, आकडे मागे घेतो. प्लगचा मुद्दा मागे घेत नाही. माझ्या गाडीत केलंय, चार वर्षं कोरडी आहे.

स्लो_स्पॅनर · रविवार, रात्री १०:२०

प्लग हा उपाय चुकीचा नाही, पण तो कुठे चालतो ते पाहा. रेसच्या गाडीत खुशाल करा, ती गार अवस्थेत रस्त्यावर येतच नाही. रोजच्या कार्बुरेटरच्या गाडीत थंडीत मॅनिफोल्ड गारठलेला राहतो, पहिली काही मिनिटं गाडी अडखळते, आणि दमट थंड हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरण्याची शक्यता वाढते. शिवाय मॅनिफोल्डमधून पुढे कूलंटचा होज कुठे जातो ते शोधल्याशिवाय वाट बंद केली तर हीटर गार पडेल किंवा वर हवा अडकून राहील.

आणि इंजिन गाडीत असताना बिडात आटे पाडायचे, तर बिडाचा चुरा पडतो. शेजारीच प्रायमरी पोर्ट उघडा आहे. चुऱ्याचा एक कण आत गेला की अॅपेक्स सीलची (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची) आणि हाउसिंगच्या क्रोमची वाट लागली. करायचंच तर पोर्टात चिंध्या ठासून, टॅपला भरपूर ग्रीस लावून, दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसत करा.

ओतारी · सोमवार, सकाळी ७:१५

फिरकी, मॅनिफोल्ड उलटा करून पाण्याच्या तोंडाभोवतीचा कडेचा पट्टा बघा, लाकडाला वाळवी लागते तसा खाल्लेला असेल तर. जुनं कूलंट गंजरोधक गमावतं आणि बीड व अॅल्युमिनियम शेजारी असल्यावर अॅल्युमिनियम आधी झिजतं. खड्डे खळग्याच्या तळापर्यंत गेले असतील तर पाणी रिंगेला वळसा घालून जातं.

आणि ते सिलिकॉन खरवडून काढा. पेट्रोलच्या वाफेत साधं सिलिकॉन फुगून लोण्यासारखं होतं. इनटेकच्या सांध्यावर त्याला जागा नाही.

फिरकी · बुधवार, रात्री १०:३५

लोणी सापडलं, ओतारी. बोटाने पुसलं तर निघालं.

इंजिनाच्या बाजूला सरळपट्टी लावली. तिन्ही बिडाच्या तोंडांवर ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेच आत गेलं नाही. म्हणजे बांधणाऱ्याने थर नीट बसवलेत. मी उगाच मनात त्याला शिव्या घालत होतो. मॅनिफोल्डवर मात्र मागच्या टोकाला ०.१५ चं फीलर सहज सरकतं. आणि हो, पाण्याच्या तोंडाजवळ खाल्लेलं आहे. एका खड्ड्यात टाचणीचं टोक मावतं आणि तो खळग्याच्या कडेला भिडलाय.

आता मशीनवर देऊन ०.२ घासून घ्यायचा विचार आहे.

मृण्मयी · बुधवार, रात्री ११:०२

थांबा! खळगा मॅनिफोल्डमध्ये आहे. वरून ०.२ घासलं की खळगा २.० चा १.८ होईल. गास्केट निवडताना तो आकडा धरा. १.८ खोली आणि चेपलेली ०.८ ची गास्केट म्हणजे जागा २.६, तुमच्या ३.५ च्या रिंगेवर दाब ०.९ मिमी, २६ टक्के. उत्तम. पण घासल्यावर खूप पातळ, म्हणजे ०.४ ची गास्केट घेतलीत तर दाब १.३ मिमी, ३७ टक्क्यांवर जाईल. मग रिंगच मॅनिफोल्डला उचलून धरेल आणि हवा खेचायला लागेल. निष्क्रिय फेऱ्या (आयडलिंग) चढ-उतार करायला लागल्या की लोक कार्बुरेटर उघडतात आणि दोष असतो इथे.

रिंगेच्या रबराचंही बोलते. कूलंटसाठी ईपीडीएम जातीचं रबर सर्वांत चांगलं, पण पेट्रोल-तेल लागलं की ते फुगतं. इथे रिंगेच्या एका बाजूला कूलंट आणि वीतभर अंतरावर पेट्रोलची वाफ. मधे गास्केट आहे म्हणून मी ईपीडीएम घेतलं असतं, पण बसवताना ग्रीस लावू नका, खनिज तेलाच्या ग्रीसनेही ते फुगतं. कूलंटमध्येच बोट बुडवून ओलं करा. व्हिटॉन हे दुसरं रबर महाग म्हणून चांगलं असेल असं समजू नका. तेल-पेट्रोलात ते राजा आहे, पण गरम पाणी आणि वाफेत साधा व्हिटॉन ईपीडीएमसमोर टिकत नाही.

ओतारी · गुरुवार, सकाळी ६:५०

खड्डा आधी भरा, मग घासा. उलटं केलंत तर दुसऱ्यांदा घासावं लागेल. भरणं टिग वेल्डिंगने. आधी गरम पाणी आणि ब्रशने आतली कूलंटची वाट धुऊन, पूर्ण वाळवून मगच द्या, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. इपॉक्सीही चालते, मी ती दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

फिरकी · महिन्याभरानंतर, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा मलाच राग येतो.

खड्डा टिगने भरला. वेल्डिंगवाल्याने पहिल्यांदा टॉर्च लावला तेव्हा खड्ड्यातून काळा फेस वर आला, म्हणजे माझं धुणं अपुरं होतं. परत धुतला, भट्टीत वाळवला, दुसऱ्या फेरीत स्वच्छ बसला. मग ०.२ घासला. खळगा आता १.८. गास्केट ०.९ ची घेतली, चेपून ०.८ होईल या हिशोबाने. परत प्लॅस्टिसिन: पुढे २.६०, मागे २.६५. मुलीने या वेळी माती द्यायला नकार दिला, मेणबत्तीचं मेण वापरावं लागलं.

रिंगा ईपीडीएम, कूलंटने ओल्या करून. सिलिकॉन शून्य. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, पुस्तकातल्या आकड्याला. गाडी एकदा पूर्ण गरम करून रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी परत टॉर्क रेंच लावला. दोन नट पाव फेरी फिरले. हे आधीच्या तिन्ही वेळा मी केलंच नव्हतं.

भरताना हीटर पूर्ण उघडा ठेवून, टोपी काढून, गाडीचं नाक चढावर. हवा निघायला चाळीस मिनिटं लागली.

बाटलीवर रेघ मारून कागदी टेप चिकटवलाय. अठरा दिवस, रोज गाडी चालवून, कूलंट टेपच्या वरच्या कडेला आहे. सकाळचा धूर गेला. वास पहिले तीन दिवस येत होता, एक्झॉस्टवरचं जुनं जळत असणार.

स्लो_स्पॅनर · रविवार, रात्री ९:४०

झकास. रेडिएटरची टोपीही बदला. एवढं सगळं करून जुन्या टोपीचं रबर दाब धरत नसेल तर परत पातळी उतरेल आणि तुम्ही परत मॅनिफोल्डकडे बघाल.

चौथागियर · सोमवार, दुपारी १२:२५

धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे पुढच्या पिढीची एफसी आहे, १३बी, इंजेक्शनवाली. कार्बुरेटर नाही म्हणजे मॅनिफोल्डकडचं पाणी सरळ बंद करून टाकू का?

तिकोनी · सोमवार, दुपारी १:१०

तुमच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागावर) मेणाचं थर्मोवॅक्स असतं. कूलंट तापलं की त्यातलं मेण फुगतं आणि गार अवस्थेतल्या चढ्या फेऱ्या खाली आणतं. त्याचं कूलंट तोडलंत तर गाडी तापूनही फेऱ्या चढ्याच राहतील. आधी होज कुठून कुठे जातात त्याचं हाताने चित्र काढा आणि इथे टाका, मग बघू.